दोन खोल्यांपुरते बडोदे

बडोदे पाहावयास आलेला पाहुणा आधी लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, मग सयाजीबागेतले संग्रहालय पाहतो आणि दिवस कलला की सूरसागराच्या काठी येऊन बसतो. ही सारी स्थळे पाहण्याजोगी आहेतच. पण ज्याचे आप्तस्वकीय या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्या मराठी माणसाचे बडोदे याहून निराळे असते. ते दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आणि मांडवीच्या भोवतालच्या गल्ल्यांत असते. तोंडाशी अरुंद, पण आत लांबवर गेलेल्या, लाकडी जिन्यांच्या जुन्या घरांत असते. पुढे ओटा, मग बैठक, मग माजघर, त्याला लागून देवघर, मागे चौक आणि वर कधीच पुरता रिकामा न होणारा माळा. त्या माळ्यावर काय काय आहे हे घरच्या माणसांनाही नीटसे ठाऊक नसते.

गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणूस येथे आला, तो तलवार घेऊन. विसाव्या शतकाच्या आरंभी आला, तो लेखणी घेऊन. सयाजीराव महाराज १८७५ साली गादीवर आले आणि १९३९ साली निवर्तले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत त्यांनी जी खाती उघडली, त्यांना शिकलेली माणसे लागत होती. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० साली ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यासाठी अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ आणले गेले. शाळा वाढल्या, कचेऱ्या वाढल्या, आणि कोकणातून, देशावरून आलेले शिक्षक, कारकून, ओव्हरसियर येथे स्थायिक झाले. या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली मराठी साहित्य संमेलने भरली आणि मग फार मोठ्या खंडानंतर २०१८ साली पुन्हा एकदा भरले. दरम्यान १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. दरबार गेला, पण दरबाराच्या निमित्ताने आलेली घरे तशीच राहिली.

आता ती घरे एकेक करून मिटू लागली आहेत. मुले बंगळुरास, पुण्यास किंवा परदेशी. घरात दोघेच, आणि दोघांचेही गुडघे जिन्याशी भांडू लागलेले. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हेच घडले. ताई सत्तरीची, दाजी शहात्तर वर्षांचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी ओट्याच्या पायऱ्या चढून बैठकीत शिरले. तीन दिवस ती दोघे वरच्या मजल्यावर अडकून होती. शेजारच्या मुलांनी दूध आणि औषधे वर पोचविली. पाणी ओसरल्यावर दाजींनी निश्चय केला. पुण्याच्या बाहेरच्या अंगास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत त्यांनी जागा घेतली. दोन खोल्या, न्हाणीघरात भिंतीला धरावयाच्या दांड्या, पलंगाशी मदतीची घंटा, खाली दवाखाना आणि सामायिक भोजनगृह. क्षेत्रफळ साडेपाचशे चौरस फूट. दांडिया बाजारचे घर तीन मजल्यांचे. शाळेला सुटी लागताच मी इंदूरहून निघालो, ते तीन मजले साडेपाचशे फुटांत बसविण्याच्या कामी हातभार लावावा म्हणून.

पहिला दिवस नुसता बोलण्यातच गेला. दाजींचे म्हणणे, "एक माणूस बोलावू, सगळे एकदम विकून मोकळे होऊ." ताईचे म्हणणे, "माझ्या सासूबाईंच्या हातची भांडी मी कोणा परक्याच्या तराजूत घालायची नाही." दोघांचेही म्हणणे मला पटत होते, आणि दोन्ही एकाच वेळी पार पडणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी मला वर घेऊन गेले. गच्चीला ताई अगाशी म्हणते. बडोद्यात नांदून तिच्या मराठीत असे बरेच गुजराती शब्द मुरले आहेत. त्या अगाशीत आम्ही टेप धरून, खडूने पुण्याच्या जागेचा नकाशा खऱ्या मापाने काढला. येथे दार, येथे खिडकी, येथे ओटा, येथे पलंग. मग खाली येऊन कपाट, टेबल, देव्हारा, झोपाळा यांची मापे घेतली, त्या त्या मापाचे जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे कापले आणि वर नेऊन खडूच्या रेघांच्या आत मांडले. कागदावर नुसते आकडे वाचून जे समजत नाही, ते येथे पायांना समजले. मोठे सागवानी कपाट मांडले की पलंगाकडे जाण्याची वाट उरेना. ताई रेघांच्या आत दोन पावले चालली, थांबली आणि म्हणाली, "कपाट राहू दे. मला रात्री उठावे लागते." त्या दिवसापासून वाद थांबले. आवरावयाचे आहे असे आम्ही सांगत होतो तोवर तिला ते ऐकवत नव्हते. जागा किती आहे हे तिने स्वतः चालून पाहिले.

दाजींनी एका वहीत पाच रकाने आखले: बरोबर, मुलांना, संस्थांना, शेजारी, मोडीत. नियम असा ठरला की दिवसाकाठी एकच खोली घ्यावयाची, दोन तासांपेक्षा अधिक बसावयाचे नाही, आणि फोटोंची पेटी अगदी शेवटी उघडावयाची. हा शेवटचा नियम फार मोलाचा. फोटो आधी काढले की त्या दिवशी दुसरे काही होत नाही.

आरंभ भांड्यांपासून झाला. घंगाळ, बंब, हंडे, कळशा, पराती, शंभर पाने उठतील अशी पातेली. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले. कोणी दिले, कोणत्या निमित्ताने, कोणत्या साली. ताई एकेक भांडे हाती घेऊन वाची आणि मी लिहून घेई. मुंजीचे तांब्ये निघाले, डोहाळजेवणाची ताटे निघाली. एका परातीवर माहेर इंदूरचे पाहून मी चमकलो, ती आमच्याच आजीने पाठविलेली होती. दोन सकाळी या कामी गेल्या. यादी पूर्ण झाल्यावर मात्र ताईने स्वतःच भांडी वेगळी काढली. समई, ताम्हन, पळी-पंचपात्री, एक परात आणि एक लहान पातेले, एवढे बरोबर. उरलेले पितळ वजनावर गेले. तराजू धरणारा परकाच होता. पण नावे वहीत उतरलेली होती, म्हणून तिने हात आखडला नाही.

जुन्या साड्यांसाठी बोहारीण आली. तिने दहा साड्यांच्या बदल्यात एक स्टीलचा डबा पुढे केला, तेव्हा ताईला हसू आले. "अगं, डबे कमी करतेय मी!" साड्या तशाच दिल्या. पाटा-वरवंटा आणि जाते यांना गिऱ्हाईक नव्हते. ते मागच्या चौकातच राहिले. नव्या घरमालकाने ते शोभेसाठी ठेवून घेण्याचे कबूल केले आहे. संखेड्याचा लाखकाम केलेला पाळणा निघाला. नारिंगी आणि सोनेरी रंगाची ही कारागिरी संखेडा गावची. ते गाव २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. त्या पाळण्यात तीन पिढ्या झोपल्या होत्या. घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला दुसरा महिना संपत आला होता. पाळणा तिच्याकडे गेला. तो रकाना आमच्या वहीत नव्हताच.

ग्रंथांचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला, आणि महाराष्ट्राबाहेरच्या घरांनी विचार करावा असा तोच आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी पूर्वीही गेलो आहे. पोलादी मांडण्या, काचेच्या जमिनी, आणि महाराजांनी स्वतःच्या संग्रहातून दिलेल्या सुमारे वीस हजार ग्रंथांपासून उभे राहिलेले ते भांडार. लाकडी पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके धाडणारी फिरती ग्रंथालये याच राज्यात निघाली. अशा नगरीत मराठी पुस्तकाला जागा मिळू नये, असे कोणाला वाटेल? परंतु घरोघरची पुस्तके एकाच वेळी बाहेर पडू लागली की तीच ती पुस्तके पुनःपुन्हा येतात. एका वाचनालयाने आमची यादी पाहून नम्रपणे सांगितले की कादंबऱ्या नकोत, त्यांच्या तीन-तीन प्रती कपाटात पडून आहेत आणि वाचणारे हात कमी झाले आहेत. हे ऐकून वाईट वाटले. पण राग कोणावर धरावयाचा? दाजींची नात मराठी बोलते, गुजराती वाचते आणि परीक्षा इंग्रजीत देते. देवनागरी तिला हिंदीमुळे येते. मराठी पुस्तक मात्र तिच्या हाती कोणी ठेवलेच नव्हते. तिला आम्ही तिच्या पसंतीने पाच पुस्तके निवडावयास लावले. तिने चार गोष्टींची आणि एक पाककृतींचे निवडले. पाचही रकाना दुसरा, मुलांना.

उरलेल्यांत दाजींच्या वडिलांचा व्यायामज्ञानकोश होता. हा दहा खंडांचा मराठी कोश मुजुमदारांनी बडोद्यातच सिद्ध केला. पहिला खंड १९३६चा, शेवटचा १९४९चा. मल्लखांब, कुस्ती, लाठी, आसने, देशी खेळ यांचे इतके साक्षेपी संकलन आपल्या भाषेत दुसरे मी पाहिलेले नाही. आमच्या संचात दोन खंड कमी होते. दांडिया बाजारातच जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, जेथे प्राध्यापक माणिकराव यांनी पिढ्या घडविल्या. दाजींचे वडील तेथे जात. कोशाचे आठ खंड आणि माळ्यावरची मुद्गलांची जोडी घेऊन दाजी स्वतः तिकडे गेले. रिक्षा करू म्हटले, तर ऐकले नाही. मी मुद्गल उचलले आणि ते पुस्तकांची पिशवी घेऊन पुढे चालले. ज्या रस्त्याने वडिलांचे बोट धरून ते लहानपणी जात, तो हाच. वाटेत ते काही बोलले नाहीत.

कागदांच्या गाठोड्यात दोन प्रकार निघाले. एक हस्तलिखित स्तोत्रांची पोथी, लाल रुमालात बांधलेली. हस्तलिखिते नोंदविण्यासाठी २००३ साली जी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिने किमान पंचाहत्तर वर्षे जुन्या हातच्या लेखनाला पांडुलिपी मानले आहे; आमची पोथी त्याहून कितीतरी जुनी. बडोद्यात १९२७ साली स्थापन झालेले प्राच्यविद्या मंदिर आहे, ज्याने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. पोथीला त्याहून योग्य घर कोणते? ती तिकडे द्यावयाचे ठरले. दुसरा प्रकार हिशेबाच्या वह्यांचा, आणि त्या मोडीत होत्या. मराठीत 'मोडीत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि जुन्या कागदांच्या नशिबी बहुधा दुसराच येतो. एम्.ए.च्या दिवसांत शिकलेली मोडी मी अडखळत का होईना लावतो, म्हणून त्या वाचल्या.

वह्या दाजींच्या आजोबांच्या. ते १९११ साली रत्नागिरीकडून येऊन हिशेबखात्यात कारकून झाले. पहिल्या पानावर खोलीचे भाडे, एक चटई, एक दिवा, एक तवा. दीड वर्षाने पाटा-वरवंटा. म्हणजे आजी आल्या. मग दोन हंडे, मग पाळणा. पुढे १९२६ साली घर, आणि त्याच वर्षी झोपाळ्याच्या पितळी कड्या. एकेक वस्तू या घरात कोणत्या क्रमाने शिरली ते सारे तेथे होते. मी वाचीत गेलो, दाजी ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "आजोबांची वही उलटीकडून वाचली की माझी वही होते." पस्तीवाल्याची हाक खालून येत होती. या तीन वह्या मात्र रद्दीत गेल्या नाहीत. भाच्याने पानोपानी छायाचित्रे काढून घेतली आणि मूळ वह्या बरोबर घेण्याच्या पेटीत गेल्या. त्यांचे वजन एका तांब्याहून कमी.

देवघराच्या वेळी एक अडचण उभी राहिली. कॅनडात असलेल्या भाचीला घरचा पितळेचा बाळकृष्ण हवा होता. तो तिच्या खापरपणजीच्या माहेरचा, शंभराहून अधिक वर्षांचा. आपल्याकडे पुरावशेष आणि कलावस्तूंविषयी १९७२चा कायदा आहे. त्यानुसार शंभर वर्षांवरील मूर्ती, चित्रे, नाणी आणि पंचाहत्तर वर्षांवरील मोलाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. मूर्ती तितकी जुनी नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला असेल तरच ती जाऊ शकते. परदेशी मुले असलेल्या घरांना हे पुष्कळदा माहीत नसते आणि विमानतळावर देव अडतो. बाळकृष्ण ताईबरोबर पुण्यास जाईल असे ठरले. भाचीने मग पुरणयंत्र मागितले आणि आईच्या अक्षरातली पाककृतींची वही. गौरींचे मुखवटे बंगळुरास सुनेकडे गेले. "एवढ्या सवाष्णींचे जेवण आमच्याकडे व्हायचे नाही," असे तिने आधीच सांगितले. ताई म्हणाली, "दोघींना जेवू घाल. गौरी दोनच असतात."

शेवटी राहिला झोपाळा. सागवानी रुंद पाट, चार पितळी कड्या. त्याला पुण्याच्या नकाशात कोठेच जागा नव्हती. वर्तमानपत्राचा तो तुकडा आम्ही अगाशीत चारदा फिरवून पाहिला होता. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने चांगली किंमत सांगितली. ताईने ती ऐकून घेतली आणि झोपाळा समोरच्या गुजराती शेजाऱ्यांना दिला. पुरात दूध वर आणून देणारी मुले त्याच घरची. कड्या काढताना शेजारच्या आजी आल्या आणि सहज म्हणाल्या, "हवे तमे तमारा देशमां जाशो." ताईने पदर सारखा केला आणि उत्तर दिले, "ना बा, देश तो आ ज. त्यां तो रहेवा जईए छीए."

या एका वाक्यात आपल्यासारख्यांची सारी कथा आहे. लोक समजतात की बडोद्याचा मराठी माणूस पुण्यास गेला म्हणजे परत गेला. एकशे चौदा वर्षांपूर्वी जो तेथून निघाला, त्याचे पणतू तेथे परत कसे जातील? ताई पुण्यात अगाशी म्हणेल आणि लोक तिच्याकडे पाहतील. उसळीवर शेव घालून खाईल आणि ही मिसळ नव्हे म्हणून सांगेल. वसाहतीत तिला 'बडोद्याच्या काकू' म्हणतील, आणि बडोद्यात ती जन्मभर 'दक्षिणी' होती. सामान किती न्यावे याचे माप टेपने घेता येते. हे दुसरे ओझे कोणत्याही रकान्यात बसत नाही आणि मोडीतही घालता येत नाही. ते बरोबरच जाते, आणि जावे.

तीन आठवड्यांत घर आवरले. बरोबर निघाले ते एवढे: देव, समई, पाच भांडी, दोन पलंग, एक लहान कपाट, एक टेबल, अडतीस पुस्तके, तीन वह्या, फोटोंच्या पेटीतून निवडलेले साठ फोटो आणि औषधांचा डबा. टेम्पो अर्धाच भरला.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, बडोदे येथील ज्या मराठी घरांचे माळे अजून भरलेले आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, घर आवरावयाचे तर ते हातपाय चालतात आणि स्मरण शाबूत आहे तोवर, स्वतःच्या हाताने आवरावे. आपल्या मागे मुले सुटी काढून येतात, चार दिवसांत कुलूप लावतात, आणि परातीवरचे नाव कोणाचे हे सांगणारे कोणी उरत नाही. भांड्यांवरची नावे उतरून घ्यावीत. मोडी कागद वाचणारा गावात कोणी असेल तर त्याला आजच बोलवावे. आणि आपापल्या मंडळांनी घरोघरच्या मराठी पुस्तकांची एक सामायिक यादी करावी, म्हणजे कोणत्या ग्रंथाच्या तीन प्रती आहेत आणि कोणत्या संचाचे दोन खंड कमी आहेत ते कळेल. व्यायामज्ञानकोशाचे आम्हांला न मिळालेले दोन खंड बडोद्यातल्याच कोणाच्या तरी माळ्यावर असतील. ते घर मिटण्यापूर्वी सापडले, तर संच पुरा होईल.